तोंडाला फेस

जगात एस्प्रेसो दोन प्रकारची असते. एक इटलीतली आणि दुसरी लग्नातली.

इटलीतली एस्प्रेसो काळी, कडू आणि एवढीशी असते. सात-आठ ग्रॅम बारीक पूड, तिच्यातून दाबाने काढलेले गरम पाणी, २५-३० सेकंदांचा कारभार, आणि हाती येते २५-३० मिलिलिटर. म्हणजे आपल्याकडे खोकल्याच्या औषधाचे तीन डोस होतील तेवढी. इटालियन माणूस ती उभ्याउभ्या दोन घोटांत संपवतो आणि कामाला लागतो. लग्नातली एस्प्रेसो याच्या अगदी उलट. ती पांढरट, गोड आणि काठोकाठ. खाली दूध, वर दोन बोटे फेस आणि फेसावर भोकाभोकांच्या डबीतून भुरभुरवलेली चॉकलेटची पूड. ती पिताना ज्याला मिशी नाही त्यालाही मिशी येते. तिच्यात कॉफीही असते; पण मांडवात नवरीचा धाकटा चुलतमामा असतो तशी. असते, पण कोणी विचारत नाही.

आपल्या माणसाने मिलानमध्ये जाऊन एस्प्रेसो मागवली, तर समोर आलेल्या कपात डोकावून तो म्हणेल, "अहो, कप विसळायचा राहिलाय." आणि मिलानच्या माणसाला आमच्या हॉलवर एस्प्रेसो पाजली, तर दूध संपवून तो तसाच उभा राहील, कॉफी आता येईल, मग येईल, म्हणून.

आमच्या सोसायटीतल्या एका चिरंजीवांनी मध्यंतरी १५ बार दाबाचे कॉफीयंत्र हप्त्याने घेतले. तेव्हापासून लग्नातल्या कॉफीला कोणी एस्प्रेसो म्हटले, की ते लिफ्टमध्येच त्याची शिकवणी घेतात. "काका, ही एस्प्रेसो नव्हेच. हा शब्दाचा चक्क गैरवापर आहे!" आता मी राहतो सिल्व्हर पार्कला. मीरा-भाईंदर रस्त्यावरच्या या थांब्यावर मी रोज संध्याकाळी उतरतो. इथे चांदी झालीच असेल तर ती बिल्डरांची, आणि पार्क म्हणाल तर जागा मिळेल तिथे स्कूटर. नावाचा वस्तूशी संबंध असलाच पाहिजे, असा हट्ट निदान सिल्व्हर पार्कात राहणाऱ्याने तरी धरू नये.

पण मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. वाद निघाला की आम्ही आवाज चढवत नाही, जुने लेजर काढतो. तेव्हा एस्प्रेसोचे खातेही पहिल्या पानापासून पाहू.

आपल्या देशात कॉफीचे खाते उघडले ते बाबा बुदान यांनी, असे म्हणतात. सतराव्या शतकातली गोष्ट. अरब व्यापारी कॉफी विकत, पण रुजण्याजोगे बी बंदराबाहेर जाऊ देत नसत. हजहून परतताना बाबांनी येमेनमधल्या मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण डोंगरात पेरल्या, अशी कथा आहे. सात बियांच्या भांडवलावर उभा राहिलेला एवढा मोठा धंदा बँकिंगच्या इतिहासात दुसरा नसेल. आमच्याकडे कोणी सात बिया तारण ठेवायला आणल्या असत्या, तर आम्ही दोन जामीनदार मागितले असते आणि हिंदुस्थान कॉफीला मुकला असता.

बिया रुजण्याची वाट न पाहता पेय मात्र आधीच येऊन पोचले होते. जहांगीर बादशहाच्या दरबारी इंग्लंडचा वकील म्हणून सर टॉमस रो आला, त्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्याने १६५५ साली छापलेल्या प्रवासवर्णनात नोंद केली आहे, की इथले मद्य न घेणारे धर्मनिष्ठ लोक काळ्या बिया पाण्यात उकळून कॉफी पितात. ती चवीपेक्षा प्रकृतीला बरी, असा त्याचा शेरा आहे. एखाद्या घरी जेवून आल्यावर 'जेवण पचायला हलकं होतं हो' म्हणावे, त्यातला हा प्रकार. दूध, साखर आणि जायफळ यांची गरज कॉफीला इथूनच भासू लागली असावी.

मुंबईत कॉफीला घरोघर नेणाऱ्यांत एका पारशी गृहस्थाचे नाव घ्यावे लागते. पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ साली मुंबईत कॉफी दळून विकायचे लहानसे दुकान काढले. त्यांना लाडाने पॉली म्हणत; त्यावरून मालाचे नाव पडले पोल्सन. पोल्सनच्या कॉफीत चिकोरी मिसळलेली असे. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. नेपोलियनने १८०६ साली इंग्लंडची नाकेबंदी पुकारली, फ्रान्सला कॉफी मिळेना, तेव्हा फ्रेंचांनी या मुळावर दिवस काढले आणि पुढे कॉफी मिळू लागल्यावरही त्यांची सवय सुटली नाही. युद्ध नेपोलियन हरला, पण गिरगावातल्या कपात त्याचे मूळ रुजले ते रुजलेच. पेस्तनजींनी पुढे लोण्याचा धंदा काढला आणि तो इतका फोफावला, की मुंबईत पोल्सन म्हणजे लोणी असेच समीकरण झाले. साहेबाला मस्का लावणाऱ्यालाही लोक 'पोल्सन लावतोय' म्हणू लागले. कॉफीच्या दुकानदाराचे नाव चमचेगिरीला मिळावे, यात मला तरी एक प्रकारची संगती दिसते. दोन्हींत ढवळणे महत्त्वाचे.

तरीही मराठी घरात चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाचीच राहिली. चहा येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना. कॉफी मात्र डॉक्टरांना, व्याह्यांना, रात्रीच्या भजनी मंडळाला आणि मॅट्रिकच्या मुलाला. 'चहा घेणार ना?' असे विचारले तर तुम्ही आलात एवढीच नोंद झाली. 'कॉफी टाकू का?' असे विचारले तर तुम्हाला जरा वरची श्रेणी मिळाली. त्या कॉफीत जायफळ किसून घालायचे. आता कॉफी झोप उडवणारी आणि जायफळ झोप आणणारे, अशी आपल्याकडे समजूत. एकाच कपात दोन्ही! जमा आणि नावे तिथल्या तिथे बरोबर. असा ताळेबंद शाखेत कधी पहिल्या फटक्यात जुळत नाही.

आता इटलीकडे वळू.

तूरिनच्या आंजेलो मोरिओन्दो याने १८८४ साली वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षीच्या तिथल्या प्रदर्शनात ते मांडले. पण ते यंत्र घाऊक होते. एकदम पुष्कळ लोकांची कॉफी काढायचे. प्रत्येकाची वेगळी, त्याच्या समोर, त्या क्षणी काढून देणारे यंत्र केले मिलानच्या लुईजी बेझ्झेरा याने. साल १९०१. कामगार कॉफी प्यायला जातात आणि लवकर परतत नाहीत, म्हणून त्याने ही खटपट केली, असे सांगतात. हे खरे असेल तर जगातली सर्वांत ऐटदार कॉफी मुळात हजेरीपटाच्या पोटी जन्माला आली म्हणायची. पुढे देझिदेरियो पावोनी याने बेझ्झेराचे हक्क विकत घेतले, आणि १९०६ च्या मिलानच्या मोठ्या प्रदर्शनात ही कॉफी 'एस्प्रेसो' म्हणून लोकांपुढे आली.

एस्प्रेसो या शब्दावरून पुष्कळांना एक्स्प्रेस गाडी आठवते. वेग त्यात आहेच. पण दुसरा अर्थही आहे: मुद्दाम, खास, मागणाऱ्यासाठी केलेली. आधीच करून ठेवलेल्या पिंपातली नव्हे. तुम्ही मागितलीत, म्हणून तुमच्यापुरती काढलेली. हा दुसरा अर्थ वाचकांनी जरा खिशात ठेवावा, पुढे लागणार आहे.

बेझ्झेराच्या यंत्राची गंमत अशी, की त्यात सगळा जोर वाफेचा. बंद बॉयलरमध्ये पाणी तापवायचे, वाफ कोंडायची, आणि तिने ढकललेले पाणी पुडीतून काढायचे. हा दाब भरायचा एक ते दीड बार. एक बार म्हणजे साधारण आपल्या डोक्यावर हवेचा जेवढा भार असतो तेवढा. एवढ्या दाबाने जी कॉफी निघे ती तापट, कडवट आणि विशेष म्हणजे बिनफेसाची. वर आज जी तांबूस साय दिसते, जिच्यावरून आमचे चिरंजीव माणसाची लायकी ठरवतात, ती तेव्हा नव्हतीच.

ती आली आकिल्ले गाज्जा याच्यामुळे. मिलानमध्येच याचे कॉफीचे दुकान होते. त्याने १९३८ साली पहिले पेटंट घेतले, मध्ये महायुद्ध झाले, आणि १९४७-४८ च्या सुमारास त्याने स्प्रिंग आणि दांडा असलेले यंत्र आणले. दांडा खाली ओढायचा, स्प्रिंग आवळायची आणि सोडायची. आत आठ-नऊ बार दाब तयार होतो. बेझ्झेराच्या पाचसहापट. एवढ्या दाबाने पुडीतले तेल आणि वायू पाण्यात मिसळून वर तांबूस फेस धरतो. गिऱ्हाइकांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते म्हणाले, "हा मळ कसला?" गाज्जा पक्का दुकानदार. त्याने मळाचे नाव ठेवले 'क्रेमा' आणि पाटी लावली, की ही कॉफीची नैसर्गिक साय आहे आणि हे यंत्र वाफेशिवाय चालते. पुढे १९६१ साली फाएमा कंपनीने दांड्याऐवजी विजेचा पंप बसवला आणि नऊ बार हा नेम ठरून गेला.

म्हणजे बघा. ज्या एस्प्रेसोच्या नावाने आज सोवळे पाळले जाते, ती १९०१ ते १९४७ इटलीतच वेगळी होती. वाफेवर, एक-दीड बारची, बिनसायीची. तरीही तिचे नाव एस्प्रेसोच होते आणि कोणी लिफ्टमध्ये शिकवणी घेत नव्हते.

आणि आता आमच्या लग्नातले यंत्र आठवा. चकचकीत उभे पिंप, त्याला घड्याळासारखा दाबाचा काटा, बाजूला तोटी आणि तोटीला बारीक नळी. मागे घामाघूम झालेला माणूस. तो स्टीलच्या भांड्यात दूध, साखर आणि कॉफीची पूड घेतो, नळी दुधात बुडवतो, चावी फिरवतो आणि मांडवात असा काही घुर्रर्र आवाज होतो, की गुरुजींचे मंत्र ऐकू येईनासे होतात. नळीतून वाफ येते, दूध तापते, हवा आत ओढली जाऊन फेस धरतो. कॉफी आधीच विरघळलेली असते. त्या पिंपात कॉफीच्या पुडीतून पाणी काढायची सोयच नसते; ते फक्त वाफ देते. गाज्जाने पाटीवर 'वाफेशिवाय' लिहिले. आमच्याकडे वाफेशिवाय दुसरे काही नाहीच.

हे शक्य झाले ते विरघळणाऱ्या कॉफीमुळे. ब्राझीलमध्ये कॉफीचे भाव कोसळून पोत्यांचे डोंगर साचले, तेव्हा तिथल्या कॉफीसंस्थेने १९३० च्या सुमारास नेस्ले कंपनीला विचारले, की हिचे टिकणारे काही करता येईल का. उत्तराला आठेक वर्षे लागली. नेसकॅफे बाजारात आली ती स्वित्झर्लंडमध्ये, १ एप्रिल १९३८ रोजी. त्याच वर्षी गाज्जाने पेटंट घेतले होते. म्हणजे एकाच साली एकाने कॉफी काढायला नऊ बार लागतील अशी व्यवस्था सुरू केली आणि दुसऱ्याने एक चमचा. आपल्या मध्यमवर्गाने कोणाची बाजू घेतली, हे सांगायला नकोच.

आपल्याकडे तोवर कॉफी बाहेर प्यायची तर दोन ठिकाणे. एक माटुंग्याची, जिथे दाक्षिणात्य मंडळींनी पितळी फिल्टर आणि डबरा-टंबलर आणले. डबऱ्यातून टंबलरात हातभर उंचीवरून ओतून काढलेला तो फेस. यंत्र नाही, वाफ नाही, फक्त गुरुत्वाकर्षण. दुसरे ठिकाण कॉफी हाउस. इंडिया कॉफी हाउस मुंबईत चर्चगेटला १९३६ साली उघडले. पुढे कॉफी बोर्डाने ही दुकाने बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७ पासून कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवली. सहकारी क्षेत्रात कॉफी आली, की ती पिताना सरकारवर टीका करणे ओघानेच आले.

पण घरी फेस यायचा तर दूध हवे. आणि ते घरात मोजूनमापून असे. १९४९ साली वसवलेल्या आरे वसाहतीचे दूध मुंबईत बाटल्यांतून यायचे. पहाटे केंद्रावर रांग, हातात कार्ड, रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. दोन बाटल्यांत सकाळचा चहा, बाळाचे दूध, रात्रीचे विरजण. त्यात कोणी 'एस्प्रेसो पाहिजे' म्हटले असते तर आजीने त्याला केंद्रावर रांगेत उभे केले असते. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि हळूहळू पिशवीतले दूध मागू तेवढे मिळू लागले. भरल्या कपाच्या एस्प्रेसोचा घरगुती इतिहास मला वाटते तिथून सुरू होतो. इटलीच्या एस्प्रेसोमागे पोलादाचे कारखाने उभे आहेत. आमच्या एस्प्रेसोमागे गुजरातच्या आणि महाराष्ट्राच्या म्हशी.

आता घरात यंत्र कुठून आणायचे? मध्यमवर्ग अशा वेळी आधी स्वयंपाकघरात काय आहे ते पाहतो. तिथे कुकर होता. हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोन्ही कंपन्यांनी आपल्या देशात कुकर करायला सुरुवात केली ती १९५९ साली. कोणा कल्पक माणसाने शिट्टीच्या जागी बसवायची एक वाकडी नळी काढली. प्रदर्शनांत ती मिठाच्या भेळीच्या गाळ्याशेजारी मिळायची. कुकरमध्ये पाणी घालायचे, शिट्टी काढून नळी लावायची, तिचे टोक दुधाच्या भांड्यात बुडवायचे, की घरच्या घरी लग्न! भात शिजवणाऱ्या कुकरची शिट्टी उडते ती साधारण एक बार जादा दाबाला. हा आकडा मी वाचला तेव्हा जागच्या जागी उठून उभा राहिलो. बेझ्झेराचे यंत्रही एक-दीड बारचेच की! म्हणजे मिलानमध्ये ज्या यंत्राला १९०६ साली प्रदर्शनात मानाची जागा मिळाली, जवळपास त्याच जोराचे यंत्र वरणभात शिजवत आमच्या ओट्यावर रोज सकाळी बसलेले असते. नळी मात्र जपून धरावी लागे. पाणी थोडे जास्त झाले की वाफेऐवजी उकळते पाणीच उडायचे आणि कॉफीऐवजी बर्नॉल शोधावे लागायचे.

म्हणून बहुसंख्य घरांनी नळीचा नाद सोडला आणि मनगटाला हात घातला. कृती सगळ्यांना ठाऊक आहे. कपात दोन चमचे विरघळणारी कॉफी, दोन-तीन चमचे साखर आणि पाणी फक्त थेंबांनी. मग फेटायचे. पहिली पाच मिनिटे ते काळे डांबर असते. दहाव्या मिनिटाला तपकिरी. पंधरा-वीस मिनिटांनी त्याचा रंग उतरून बदामी होतो, चमचा वर उचलला तर लोण्यासारखा गोळा लोंबतो. त्यावर वरून धार धरून उकळते दूध ओतायचे, की फेस वर येतो. यात शास्त्र आहे. विरघळणाऱ्या कॉफीत फेस धरून ठेवणारी द्रव्ये भरपूर असतात, आणि साखरेच्या दाट पाकात हवेचे बुडबुडे अडकून बसतात. फेटू तितके बुडबुडे बारीक, आणि बारीक बुडबुड्यांवरून उजेड विखुरतो म्हणून रंग फिका. फिल्टरची पूड घेऊन वर्षभर फेटलीत तरी हे होणार नाही.

चाळीत हा आवाज भिंतीपलीकडे जाई. टकटकटकटक. पलीकडच्यांना कळे, आज यांच्याकडे कोणी खास आले आहे. पाव तास आवाज आला तर मुलीचे सासर, वीस मिनिटे आला तर जावई स्वतः. आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबे पुढे चाळीतली खोली विकून मीरा रोड-भाईंदरला आली. इथे १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका, दोन खोल्यांच्या तीन झाल्या, भिंती होत्या तेवढ्याच राहिल्या आणि टकटक ऐकू येत राहिली.

इथे मला कारकुनाच्या नात्याने एक आक्षेप नोंदवायचा आहे. आमच्या विद्येत प्रत्येक जमेला एक नावे असते. मग या फेसाचे नावे कुठे टाकले? पाहुणे म्हणत, "वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" कप चार, पाहुणे चार, फेटणारी एक. ती स्वतः कॉफी प्यायला बाहेर येई तेव्हा पाहुणे चपला घालत असत. माझ्या आईने अशी किती वर्षे फेटली असेल याचा मी एकदा कच्चा हिशेब मांडला. आठवड्यात एकदा, दर वेळी वीस मिनिटे, तीस वर्षे. बेरीज येते ५२० तास. बँकेचे आठ तास धरले तर ६५ दिवस. म्हणजे रजा, सुट्टी, जेवणाची वेळ न धरता दोन महिने पाच दिवस एक बाई नुसता चमचा फिरवत बसली. बेझ्झेराला कामगारांची मिनिटे मोजावीशी वाटली, कारण त्यांचा पगार तो देत होता. स्वयंपाकघरातल्या मिनिटांना पगार नव्हता, म्हणून ती कोणी मोजली नाहीत. तिचे मनगट आता पावसाळ्यात दुखते. डॉक्टर 'वयोमानाने' म्हणतात. लेजरमध्ये अशा रकमा आम्हीही 'किरकोळ खर्च' म्हणून दाखवतो.

'हाताची चव' हा मराठीतला फार गोड शब्द आहे. त्यात कौतुक आहे हे खरे. पण कौतुक केले की यंत्र घ्यावे लागत नाही, हेही खरे. कपाला जो फेस येई, तो आधी कोणाच्या तरी तोंडाला आलेला असे.

बाहेर मात्र दुनिया बदलत होती. १९९६ साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे उघडले, २०१२ च्या ऑक्टोबरात मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स आले, आणि आपल्याला कळले की लग्नातल्या एस्प्रेसोच्या जवळची जी वस्तू आहे तिला कॅपुचिनो म्हणतात. हे नाव कॅपुचिन साधूंच्या तपकिरी कफनीवरून पडले. आणि लाटे? लाटे म्हणजे इटालियनमध्ये नुसते दूध. इटलीत 'एक लाटे द्या' म्हटले तर पेलाभर दूध समोर ठेवतात. तिकडच्या कारागिरांचा नियम असा, की दूध ६०-६५ अंशांच्या पुढे तापवायचे नाही, म्हणजे फेस रेशमासारखा राहतो आणि गोडी टिकते. आमच्याकडे दूध तीनदा वर येऊन सायीचा तुकडा मिशीला लागल्याशिवाय ते तापले असे धरत नाहीत. उकळत्या दुधाच्या कॉफीने तोंड पोळलेला माणूसच फक्त 'वा, गरमागरम!' म्हणतो.

मग आले २०२०. मार्चच्या २५ तारखेपासून देश बंद. आणि त्या बंद घरांतून अख्ख्या जगाने एकाच वेळी कॉफी फेटायला घेतली! तिला म्हणत डालगोना. जंग इल-वू नावाच्या कोरियन नटाने त्या जानेवारीत टीव्हीच्या एका कार्यक्रमात मकावमध्ये अशी कॉफी प्यायली आणि त्याला आपल्याकडच्या डालगोना नावाच्या साखरेच्या वडीची चव आठवली, म्हणून हे नाव. आमच्या इमारतीत त्या दिवसांत मजल्यामजल्यावरून टकटक येत होती. फरक एवढाच, की या वेळी चमचा पुरुषांच्या हातात होता. ऑफिस नाही, लोकल नाही, करायला काही नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी पहिल्यांदा कॉफी फेटली, तिचे फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी मनगटाला क्रेप बँडेज बांधून गॅलरीत उभे राहिले. "फार त्रास आहे हो यात," त्यांनी खालच्या गॅलरीला सांगितले. त्यांच्या पाठीमागे काकू उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात इतके समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिले नव्हते.

तेव्हा त्या चिरंजीवांच्या यंत्राशी माझे काही भांडण नाही. उलट ते आले हे बरेच झाले. यंत्राला 'तुझ्या हाताला चव आहे' म्हणून भागवता येत नाही. त्याचा हप्ता भरावाच लागतो, आणि एखाद्या कामाला किती मोल पडते ते हप्ता भरतानाच माणसाला कळते. परवा त्यांनी मला कॉफीला बोलावले. पूड मोजली, ठोकली, चाळीस सेकंद कानठळ्या बसतील असा आवाज झाला आणि पुढ्यात आली बोटभर काळी एस्प्रेसो. उत्तम होती. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी न विचारता दुधाला वाफ दिली आणि कप काठोकाठ भरला. ती त्यांनी माझ्यासाठी, मी बसलो असताना, माझ्यापुरती केली. वाचकांनी खिशात ठेवलेला अर्थ आता काढायला हरकत नाही. त्या हिशेबाने लग्नातली एस्प्रेसोही खरी, चिरंजीवांचीही खरी, आणि भिंतीपलीकडच्या टकटकीची तर सर्वांत खरी; कारण इतकी खास कोणासाठी कोणी काही करत नाही.

आमच्या घरी आम्ही अजून १५ बारपर्यंत पोचलेलो नाही. आईसाठी एक बॅटरीवर फिरणारी छोटी रवी आणली आहे. बटण दाबले की कपातला मालमसाला दोन-तीन मिनिटांत बदामी होतो. आईला ती आवडली. फक्त ती बटण दाबते, रवी आपली आपण गरगरते, आणि आईचे मनगटही तिच्याबरोबर फिरतच राहते. "अगं, हात स्थिर धर, यंत्र करतंय सगळं," सौ. सांगते. "करू दे त्याला," आई म्हणते, "मी आपली सोबत करते."